जर्मेनियमला सोलापूरचं ऊन सोसत नाही

[दृश्य: यंत्रमागाची शेड, वर पत्र्याची खोली]

सोलापूरचा पूर्व भाग. खाली माग चालू आहेत, त्यामुळे इथं बोलायचं ते ओरडूनच. वरच्या खोलीत एक पोरगा इलेक्ट्रिक गिटारसाठी डिस्टॉर्शन पेडल, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाडणारी पायानं चालू-बंद करायची डबी बनवतोय.

पेडलची गोष्टच बिघाडापासून सुरू होते. १९६०-६१ च्या सुमारास अमेरिकेत, नॅशव्हिलला, गायक मार्टी रॉबिन्सच्या गाण्याचं ध्वनिमुद्रण चालू असताना मिक्सरचा एक चॅनेल बिघडला आणि ग्रेडी मार्टिनची बास गिटार घरघरायला लागली. तो आवाज गाण्यात तसाच ठेवला. पुढं ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडीनं तशीच घरघर मुद्दाम काढणारं सर्किट तयार केलं आणि १९६२ मध्ये गिब्सन कंपनीनं ते ‘माएस्ट्रो फझ-टोन’ नावानं बाजारात आणलं. आत जर्मेनियम या मूलद्रव्याचे तीन ट्रान्झिस्टर, म्हणजे सिग्नल मोठा करणारे छोटे भाग.

पोरालाही तसलंच फझ, म्हणजे तशीच घरघर करणारं पेडल हवं होतं. त्यासाठी जर्मेनियमचे जुने ट्रान्झिस्टर लागतात, एसी १२८ सारखे. रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांकडं गेला.

“काका, जुने एसी १२८ आहेत का?”

“काय बे, रेडिओ सोडून नुसते ट्रान्झिस्टर कशाला?”

मिळाले. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, म्हणजे जानेवारीच्या थंडीत, फझ झकास वाजलं. एप्रिल लागला, पारा चाळिशीपार गेला, आणि आवाज मध्येच गुदमरायला लागला. दोष सोल्डरिंगचा नव्हता. जर्मेनियम ट्रान्झिस्टरमधून नको असलेला थोडा प्रवाह कायम गळत असतो आणि दर दहा अंशांमागे ती गळती साधारण दुप्पट होते. पत्र्याखालच्या खोलीत काय होत असेल, बघा.

मग त्यानं जर्मेनियम टाकलं नाही, त्याची जागा बदलली.

[दृश्य: झिरो पीसीबी, म्हणजे भाग जोडायचं नुसत्या भोकांचं बोर्ड, जवळून]

आवाज मोठा करायचं काम आता आयसी ७४१ या चिपकडं. एक मेगओमचा रेझिस्टन्स आणि ४.७ किलोओमचा दुसरा. एवढ्यावर सिग्नल दोनशे पटींहून जास्त वाढतो. गिटारच्या पिकअपमधून, म्हणजे तारांची थरथर विजेत बदलणाऱ्या भागातून, येतो व्होल्टचा दहावा हिस्सा, फार तर त्याहून थोडा जास्त. त्याचे वीस व्होल्ट व्हायला हवेत, पण बॅटरीच नऊ व्होल्टची. म्हणजे लाटेचा माथा आयसीमध्येच कापला जातो. पुढं उलटसुलट जोडलेले दोन डायोड, म्हणजे एकाच दिशेनं वीज जाऊ देणारे भाग, आणखी कापतात. टेकडी छाटून पठार करावं, तसं.

डायोड कुठला, यावर चव ठरते. सिलिकॉनचा ०.६ व्होल्टच्या आसपास कापतो, आवाज करकरीत. जर्मेनियमचा ०.३ च्या जवळपास; कापणं हळूहळू सुरू होतं म्हणून कडा गोल, पण आवाज लहान. लाल एलईडी लावला तर दीड व्होल्टच्या पुढं, मोकळाढाकळा. जुन्या रेडिओतला ओए ७९ हा जर्मेनियमचा डायोड इथं चालून जातो. त्याच्यावरही उन्हाचा परिणाम होतो, पण सर्किटचा तोल त्याच्यावर उभा नसल्यामुळे फझसारखा दम कोंडत नाही. आमच्या मते सोलापुरात पहिलं पेडल बनवणाऱ्यानं हाच रस्ता धरावा.

माथा सपाट झाला की मूळ स्वरात नवे स्वर मिसळतात. जाड तार ८२.४ हर्ट्झची. तिच्यात तिप्पट आणि पाचपट, म्हणजे २४७ आणि ४१२ हर्ट्झचे सूर जोरानं उमटतात. म्हणून पूर्ण कॉर्ड वाजवली तर नुसता गोंधळ, आणि दोन सुरांची पॉवर कॉर्ड मात्र भिंतीसारखी उभी राहते.

[दृश्य: स्टीलच्या डब्याला भोकं पाडताना]

डबा स्टीलचा, घरातलाच. काल-परवापर्यंत त्यात शेंगाचटणी होती. आईचं याबद्दलचं मत आम्ही रेकॉर्ड केलेलं नाही. धातूचा डबा ग्राउंडला जोडला की बाहेरची गुणगुण बरीच अडते. झाकणही जोडावं लागतं. इनपुटला पी-३८ चं, म्हणजे गिटारच्या जाड पिनचं, स्टिरिओ सॉकेट: केबल खोचली तरच बॅटरीचं सर्किट पूर्ण होतं, नाहीतर रात्रभरात बॅटरी उतरायची. सगळ्यात महाग पडला तो नऊ पायांचा फूटस्विच.

तरी थोडी गुणगुण उरतेच. वायरिंग आणि मोटारींची ती गुणगुण पिकअपमधून आत येते, आणि पेडल तिलाही दोनशे पट करतं. पोरगा गिटार घेऊन खोलीत गोल फिरतो; खिडकीकडं पाठ केली की गुणगुण सगळ्यात कमी. तिथंच खडूनं खूण करून ठेवलीय. आता दोन प्रकारच्या डायोडच्या जोड्या एका छोट्या टॉगल स्विचवर घ्यायच्या आहेत. डब्यात जागा आहे, फक्त ड्रिल शेजारच्यांनी परत नेलंय.