चर्चगेटच्या पुढचं स्टेशन

(दृश्य: चर्चगेट, फलाटाचं टोक. बफर अगदी जवळून, मागे पळणारे पाय.)

चर्चगेटला उतरलं की आपण बाहेरच्या दिशेनं सुटतो. रुळांच्या शेवटी गाडी अडवायला बसवलेल्या त्या बफरकडे कोण बघतो?

28 जून 2015. रविवार, सकाळची वेळ. एक लोकल इथे थांबलीच नाही. बफर तोडून पुढचा डबा फलाटावर चढला, काही जण जखमी झाले. हीच गाडी 85 वर्षं आधी आली असती, तर इथून सरळ पुढे गेली असती. तेव्हा चर्चगेट हे मधलं स्टेशन होतं. शेवटचं होतं कुलाबा.

(दृश्य: ओव्हल मैदान. पलीकडे राजाबाई टॉवर.)

आता इथे उभे राहा आणि पश्चिमेकडच्या सगळ्या इमारती डोळ्यांसमोरून पुसून टाका. इरॉस नाही, मरीन ड्राइव्ह नाही, मंत्रालय नाही. मैदान, मग रूळ, मग थेट समुद्र. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे, म्हणजे जुन्या माणसांची बीबीसीआय, हिचे रूळ बॅकबेच्या, म्हणजे मरीन ड्राइव्हसमोरच्या समुद्राच्या, काठाकाठानं जायचे. 1867 मध्ये विरारहून बॅकबे स्टेशनला रोज एकच गाडी यायची. सकाळी पावणेसातला निघायची, संध्याकाळी साडेपाचला परत. एकच! विरारकरांनो, तुम्हालाच कळेल.

1870 मध्ये चर्चगेट आलं, 1873 मध्ये कुलाबा. 1896 मध्ये कुलाब्याला नवं, ऐसपैस टर्मिनस उभं राहिलं.

कुलाबाच का? कापसासाठी. गुजरातचा कापूस याच रेल्वेनं मुंबईत यायचा आणि त्याचा बाजार कुलाब्याला भरायचा. त्या बाजाराचं नाव कॉटन ग्रीन. पुढे बाजार शिवडीला गेला तो नावासकट, म्हणून आज हार्बर लाइनवर त्या नावाचं स्टेशन आहे. कुलाब्यात मात्र ना कापूस राहिला, ना स्टेशन.

(दृश्य: जुन्या वेळापत्रकासारखी पाटी. अक्षरं एकेक उमटतात.)

शेवटची तीन वर्षं बघा, कारण खरी गंमत तिथे आहे. 5 जानेवारी 1928 ला कुलाबा ते बोरिवली विजेची लोकल सुरू झाली. खांब नवे, तारा नव्या. त्याच वर्षी 1 सप्टेंबरला इथूनच फ्रंटिअर मेल सुटली, थेट पेशावरला. ज्या स्टेशनाचे असे लाड चालले होते, ते बंद होणार हे कुणाला खरं वाटलं असतं?

पण समोर भराव पडत होता. बॅकबे बुजवून 1145 एकर जमीन काढायचा सरकारचा बेत होता. खर्च फुगत गेला, ड्रेजरनं उपसलेला गाळ पुरेना, आणि वकील खुर्शीद नरिमन यांनी या कारभाराची लक्तरं वेशीवर टांगली. त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला झाला, ते सुटले. जमीन निघाली ती 440 एकरांच्या आतच. आणि ज्यांनी भरावाच्या कारभारावर एवढं रान उठवलं, त्यांचंच नाव पुढे भरावाच्या टोकाला लागलं: नरिमन पॉइंट. चर्चगेटसमोरचा रस्तासुद्धा त्यांच्याच नावाचा. मुंबईला विनोद कळतो.

भराव अर्धवट राहिला, तरी रूळ अडचणीचे झाले. काल त्यांच्या पलीकडे पाणी होतं, आता विकण्याजोगे भूखंड होते. लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी 21 महिन्यांत बॉम्बे सेंट्रल बांधून झालं. 18 डिसेंबर 1930 ला त्याचं उद्घाटन झालं आणि 31 डिसेंबरला कुलाबा बंद. चर्चगेटपुढचे रूळ उखडले. जेमतेम दोन किलोमीटर! विजेच्या त्या तारांना तीन वर्षंही पुरी झाली नव्हती.

(दृश्य: मच्छीमार नगर. वलांडीवर सुकणारे बोंबील. कॅमेरा हळूहळू वळून एका फाटकावर थांबतो.)

स्टेशन होतं तिथे आज बधवार पार्क आहे, रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत. पलीकडे कोळीवाडा. वाऱ्याबरोबर आधी बोंबलाचा वास येतो, मग समुद्र दिसतो. 1896 च्या त्या इमारतीची एखादी कमान, एखादा खांब दिसेल म्हणून आम्ही दोनदा फेरी मारली. मिळालं काहीच नाही. जवळच कफ परेडला ऑक्टोबर 2025 पासून भुयारी मेट्रो येते. म्हणजे पंच्याण्णव वर्षांनी या बाजूला पुन्हा रूळ आले, तेही जमिनीखालून.

फाटकावरच्या वॉचमननं विचारलं, "कुठे जायचंय?"

म्हटलं, "काका, इथलं स्टेशन बघायला आलोय."

त्यांनी आधी कॅमेऱ्याकडे बघितलं, मग आमच्याकडे. आणि हात लांब करून रस्ता दाखवला. "स्टेशन इथे नाय. सरळ जावा, चर्चगेट."