बोकड बदलावा लागतो

[दृश्य: यवतमाळ जिल्ह्यातलं गाव. सकाळ. अंगणात शेळ्या.]

पांढरकवड्याकडे शेळ्या पाळणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, एकच बोकड कळपात किती दिवस ठेवायचा? दोन वर्षं, फार तर. पुढे त्याच्याच पाठी, म्हणजे तरण्या लेकी, माजावर येतात. बाप-लेकीचं जुळलं की करडं मरतुकडी निघतात, दगावतात. म्हणून बोकड बाजारात जातो आणि दुसऱ्या गावचा येतो.

वाघांसाठी ही अदलाबदल कोण करणार?

[दृश्य: टिपेश्वरचं सागवान.]

टिपेश्वर अभयारण्य दीडशे चौरस किलोमीटरच्या आतलं. भोवती पऱ्हाटी आणि तूर. एवढ्याशा जंगलात मोजके वाघ राहिले की दर पिढीला काहीतरी हरवतं. एखादी वाघीण पिल्लं न देताच मेली, की फक्त तिच्याचकडे असलेले जनुकांचे प्रकार तिच्यासोबत संपले. पुढे वाघांचा आकडा दुप्पट झाला तरी ते परत येत नाहीत. आणि उरलेले सगळे एकमेकांचे नातलग. मग आईकडचा आणि बापाकडचा एकच लपलेला दोष पिल्लात एकत्र येतो.

ओडिशातल्या सिमिलिपालच्या जंगलात हे डोळ्यांना दिसतं. तिथल्या कित्येक वाघांचे पट्टे पसरून अंग काळंभोर झालंय. त्यामागचा एका जनुकातला बदल बंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी 2021 मध्ये शोधला. लोक काळा वाघ बघायला हौसेनं जातात. मला त्या रंगात एकटं पडलेलं जंगल दिसतं.

[दृश्य: नाल्याच्या रेतीत पंजाचा ठसा.]

2019 च्या पावसाळ्याच्या तोंडी टिपेश्वरचा एक तरणा वाघ निघाला. गळ्यात रेडिओ कॉलर. दिवसा झुडपात दबायचं, रात्री चालायचं. शेतं, नाले, रस्ते ओलांडत, तेलंगणात शिरून परत येत, 3,000 किलोमीटरांहून जास्त चालून तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. तिथं शिकार होती, पाणी होतं. वाघीण नव्हती.

मे 2023 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी गोंदियाकडच्या नागझिऱ्याच्या जंगलात नेऊन सोडल्या. चांगलंच झालं. पण प्रत्येक सोयरीक गाडीत घालून कशी जुळवणार? वाघाची वाट शेतातूनच जाते.

[दृश्य: हरभऱ्याचं वावर. बांबूच्या खुंट्यांवर ताणलेली उघडी तार.]

रात्रभर जागलीला बसणाऱ्याचा संताप खरा आहे. रानडुकरं एका रात्रीत वावर साफ करतात. त्यांच्यासाठी तारेत करंट सोडला जातो. पण ती तार डुकराला वेगळी आणि वाघाला वेगळी नसते. वावराच्या कडेनं दुसऱ्या जंगलाकडे निघालेला तरणा वाघ तिथंच पडतो. पलीकडच्या वाघिणीपर्यंत पोचायचं नवं रक्त या धुऱ्यावरच थांबतं.