सँडीगेटचा उतार

मंडळी, जगातला सर्वांत जुना फुटबॉल क्लब म्हटलं की इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहराच्या शेफिल्ड एफसीचं नाव येतं. स्थापनेचं १८५७ साल, संस्थापक क्रेसविक आणि प्रेस्ट, हे इथं बसलेल्यांना पाठ आहे. पण क्लबचं वय वेगळं आणि मैदानाचं वय वेगळं. तो क्लब २००१ पासून शेजारच्या ड्रॉनफील्डमध्ये एका पबलगत खेळतो, त्याची हस्तलिखित नियमावली २०११ मध्ये लिलावात गेली. पायाखालचं १८६० पाहायचं असेल तर शेफिल्डच्या पश्चिमेला, क्रॉसपूलच्या चढावर, हॅलम एफसीच्या सँडीगेटला जावं लागतं. नॉन-लीग, म्हणजे वरच्या व्यावसायिक लीगांच्या खालचा क्लब, छोटं आणि उतरतं मैदान. पण जगातलं सर्वांत जुनं फुटबॉल मैदान म्हणून गिनेसनं नोंदलेलं. असं मैदान वाचायचं कसं, हा आजचा विषय.

तिथं १८०४ पासून क्रिकेट चालू होतं, आणि ते महत्त्वाचं आहे. शेफिल्डचा फुटबॉल क्रिकेटवाल्यांनीच उभा केला, हिवाळ्यात अंग मोकळं राहावं म्हणून. २६ डिसेंबर १८६० ला, बर्फ पडलेलं असताना, हॅलम आणि शेफिल्ड इथं भिडले. कुठल्याही दोन वेगळ्या क्लबांमधला हा पहिला सामना. शेफिल्डनं तो २-० नं जिंकला.

आता हॅलमनं जिंकलेल्या यूडन चषकाबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण त्याच्यावर अन्याय झालाय. इंग्लंडची प्रसिद्ध बाद-फेरी स्पर्धा, एफए चषक, १८७१ चा. त्याच्या चार वर्षं आधी, १८६७ मध्ये, शेफिल्डचे नाट्यगृहमालक थॉमस यूडन यांनी बक्षीस लावलं आणि बारा क्लब उतरले. अंतिम सामना शेफिल्डच्याच ब्रामल लेन मैदानावर झाला आणि हॅलमनं नॉरफोक क्लबला हरवलं, तेही गोल न करता, ‘रूज’वर. रूज म्हणजे काय? तेव्हा गोल चार यार्ड रुंद होता, आणि दोन्ही खांबांपासून चार-चार यार्डांवर एकेक निशाण. चेंडू खांब आणि निशाण यांच्यामधून गेला आणि तुम्ही धावत जाऊन त्याला हात लावलात, की एक रूज. मात्र गोल बरोबरीत असतील तरच रूज मोजायचे. एक गोल कितीही रूजांना भारी. १८६८ मध्ये रूज गेला आणि गोल आठ यार्डांचा झाला. आजच्या गोलसमोर उभे राहा आणि त्याचा मधला अर्धा भाग डोळ्यानं कापून घ्या: तो १८६७ चा अख्खा गोल. निशाणं आजच्या खांबांच्या बाहेर दोन-दोन यार्डांवर येतात. मग कळतं की बचावपटूंना गोलरेषेवर केवढी जागा राखावी लागत होती! तो चषक पुढे हरवला आणि १९९७ मध्ये स्कॉटलंडमधल्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडे सापडला. हॅलमनं तो दोन हजार पौंडांना परत घेतला. चषक फिरून आला, मैदान मात्र जागचं हललं नाही.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटंच उरलीत. तुम्हा कोल्हापूरकरांना तालमीच्या फुटबॉल संघाची माया समजावायला नको, सँडीगेटला सामना पाहायला जाणाऱ्यांसाठी थेट कामाचं सांगतो.

शनिवारचा सामना बहुधा तीनला. हिवाळ्यात निघण्यापूर्वी सकाळी क्लबची सूचना पाहा. पाऊस किंवा गोठण झाली तर रेफरी मैदान तपासून सामना रद्द करतात. पाणी उताराच्या खालच्या कोपऱ्यात साचतं, म्हणून रेफरी आधी तिथं जातो: टाच दाबतो, चेंडू टाकून पाहतो. चेंडू उसळायचा सोडून जागीच बसला तर खेळ अवघड. तासभर आधी पोहोचा आणि कठड्याच्या बाहेरून पूर्ण फेरी मारा. उतार फोटोत दिसत नाही, पोटऱ्यांना कळतो.

नाणेफेक चुकवू नका. २०१९ पासून जिंकणाऱ्याला बाजू किंवा किक-ऑफ, दोन्हींतलं एक निवडता येतं. इथं बाजू घेणंच शहाणपणाचं, पण कुठली? उतारावर बचावामागे टाकलेला पास हमखास लांब जातो आणि गोलकिक होते. चढावर तोच पास मरतो, बचावपटू आरामात पोहोचतो. पण दमलेल्या पायांनी दुसऱ्या अर्धात चढ चढणं जड जातं, म्हणून अनेक कर्णधार उतार शेवटासाठी राखतात. वारा खालून वर असेल तर सगळा हिशेब उलटा. पहिली दहा मिनिटं उताराच्या खालच्या टोकाच्या गोलमागे उभे राहा, गोलरक्षक किती पुढे उभा राहतो ते पाहा, आणि मध्यंतरात चालत वरच्या टोकाला जा. या पातळीवर तुम्हाला कोणी अडवत नाही.