फाइल कोणाच्या नावावर आहे?

मंडळी, एवढ्या पावसात दादरपर्यंत आलात, छत्र्या अजून ठिबकताहेत, तेव्हा सुरुवात पावसापासूनच करते.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आमचं ऑफिस तेव्हा कुर्ल्याला, तळमजल्यावर. तिसऱ्या दिवशी शटर वर केलं तर लोखंडी कपाटाचे खालचे दोन खण गाळाने भरलेले. व्हाउचरं दोऱ्या बांधून पंख्याखाली वाळत घातली. शाई फुटलेली, पिना गंजून कागदाला भोकं पडलेली. त्या वर्षी ऑडिटरांनी आमची फाइल नाकाला रुमाल लावून तपासली.

एवढं सांगितलं की लोक म्हणतात, बघा, म्हणूनच क्लाउड हवं, म्हणजे फायली इंटरनेटवरून दुसऱ्या कंपनीच्या संगणकांवर ठेवायच्या. बरोबर आहे. कागद पाण्यापासून आणि आगीपासून वाचवायला क्लाउडसारखं दुसरं काही नाही. २१ जून २०१२ला मंत्रालयाला आग लागली, किती फायली जळाल्या. आणि गूगल ड्राइव्ह, म्हणजे गूगलची फायली ठेवायची क्लाउड सेवा, सुरू होऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. पण त्यानंतर मी जी ऑफिसं अडचणीत आलेली पाहिली, ती पाण्याने आली नाहीत की आगीने. फाइल शाबूत होती. फक्त दुसऱ्याच्या नावावर होती. मला आज मुख्यतः त्याविषयीच बोलायचंय.

त्याआधी एक. क्लाउड म्हटलं की आपण उगीच वर बघतो. ट्रान्स-हार्बरने ऐरोली, रबाळे करत जा, त्या पट्ट्यात डेटा सेंटरच्या मोठाल्या इमारती आहेत. बाहेर जनरेटर, आत चोवीस तास एसी. अॅमेझॉनने २०१६ साली आणि गूगलने २०१७ साली आपलं क्लाउड केंद्र मुंबईत सुरू केलं. तुमची फाइल तिथेच असेल असं नाही. समुद्रापलीकडे असेल, दोन-तीन ठिकाणी तिच्या प्रती असतील. पण कुणाच्या तरी जागेत, कुणाच्या तरी विजेवर ती आहे, एवढं ध्यानात असू द्या.

पूर्वी काय व्हायचं ते तुम्हाला ठाऊकच आहे. वार्षिक अहवाल मेलने पाच जणांकडे जायचा, पाच प्रती परत यायच्या, आणि ‘फायनल’, ‘फायनल नवा’, ‘फायनल साहेबांचा’ यांतला खरा कोणता हे शेवटी छापखानेवाला आपल्याला विचारायचा. आता फाइल जागची हलत नाही, माणसं तिच्याकडे जातात. गूगल डॉक्समध्ये, म्हणजे गूगलच्या ऑनलाइन लिहिण्याच्या सोयीत, एका वेळी शंभर जण लिहू शकतात. शंभर जणांनी मिळून लिहिलेला अहवाल मला वाचायचा नाही, ते सोडा.

पण दोघांनी एकाच ओळीत हात घातला तर? हे जरा नीट बघू, कारण गंमत इथे आहे. ओळ आहे, ‘सभा दादरला होईल’. मी बोरिवलीला घरी बसून सुरुवातीला ‘वार्षिक’ घालते. त्याच क्षणी फोर्टात बसलेला सहकारी दुसरा शब्द खोडून तिथे ‘परळला’ लिहितो. त्याच्या संगणकाचा निरोप सर्व्हरकडे, म्हणजे फाइल सांभाळणाऱ्या मधल्या संगणकाकडे, निघाला: दुसरा शब्द बदला. पण माझा निरोप आधी पोचलाय, आणि दुसरा शब्द आता ‘सभा’ आहे. आहे तसा हुकूम पाळला तर ‘वार्षिक परळला दादरला होईल’. म्हणून आधी हिशेब होतो: हा निरोप निघाला तेव्हा ओळ कशी होती? दरम्यान सुरुवातीला एक शब्द आलाय, म्हणजे तेव्हाचा दुसरा तो आताचा तिसरा. निरोपातला आकडा दुरुस्त होतो आणि दोघांच्याही पडद्यावर उमटतं, ‘वार्षिक सभा परळला होईल’. खरं तर यंत्र अक्षरं मोजतं, मी सोयीसाठी शब्द घेतले. या युक्तीला ऑपरेशनल ट्रान्सफॉर्मेशन म्हणतात. १९८९ साली एलिस आणि गिब्स या दोन संगणक संशोधकांनी ती मांडली. दोघांनी लांबून एकाच मजकुरावर काम करण्याचा प्रयोग त्याहून जुना, डग्लस एंगलबार्ट या अमेरिकन संशोधकाने ९ डिसेंबर १९६८ला सॅन फ्रान्सिस्कोत भरसभेत करून दाखवलेला. रायटली नावाचा प्रोग्रॅम बनवणारी लहानशी कंपनी गूगलने विकत घेतली ती २००६ साली, त्या रायटलीचंच पुढे डॉक्स झालं.

तर यंत्र शब्दांची टक्कर टाळतं. हॉल परळचा बुक झालाय की दादरचा, ते त्याला माहीत नाही. ते तुम्ही फोन करूनच विचारायचं.

आता नावाचा प्रश्न. गिरगाव, लालबाग, परळच्या मंडळींना पागडी समजावून सांगायला नको. आजोबांनी पागडी भरली, तीन पिढ्या त्या खोलीत गेल्या, रंग तुम्ही काढला, मोरी तुम्ही बांधली, भाडेपावती तुमच्या नावाची. मालक मात्र दुसराच. शेअर केलेली फाइल ही अशी पागडीची खोली आहे. तुम्हाला ‘एडिटर’ केलंय, तुम्ही रोज तिच्यात लिहिता, म्हणून ती आपली वाटते. ज्याने पहिल्या दिवशी ‘न्यू’ दाबलं तो ‘ओनर’. त्याने ती ट्रॅशमध्ये टाकली की तीस दिवसांनी कायमची जाते. मधल्या काळात फाइल उघडलीत तर ती मालकाच्या ट्रॅशमध्ये असल्याची पट्टी वर दिसते, प्रत काढून घेता येते. पण वर्षातून एकदाच उघडायची फाइल असेल तर?

आमच्याकडे झालं ते हेच. एक हुशार मुलगा होता. त्याने हौसेने स्वतःच्या जीमेलवर सगळ्या करारांची शीट केली होती: लिफ्टवाला, एसीवाला, झेरॉक्स मशीनवाला, कुणाची एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, कधी संपते, चेक कधी काढायचा. नोकरी बदलली, पेढे वाटून गेला. काही महिन्यांनी त्याच्या खात्याची फुकटची १५ जीबी जागा फोटोंनी भरली, म्हणून त्याने जुनं सगळं उडवलं. त्याचा काय दोष? स्वतःच्या घरातली अडगळ त्याने काढली. आम्हाला कळलं ते लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली तेव्हा. करार संपून सहा आठवडे झाले होते, आणि आत आमचे खजिनदार होते.

उपाय आहे, आणि फार अवघडही नाही. ऑफिसचं काम ऑफिसच्या खात्यावर. गूगल वर्कस्पेसमध्ये, म्हणजे गूगलच्या संस्थांसाठीच्या सेवेत, ‘शेअर्ड ड्राइव्ह’ असतं, त्यातली फाइल कुणा एकाची नसते, संस्थेची असते. मायक्रोसॉफ्टकडे असाल तर स्वतःच्या वनड्राइव्हऐवजी टीमच्या शेअरपॉइंटवर ठेवा. कुणी नोकरी सोडली तर त्याचं खातं बंद करताना त्याच्या फायली दुसऱ्याच्या नावावर करता येतात. घाईत विसरलात तर वर्कस्पेसमधलं काढलेलं खातं वीस दिवस परत आणता येतं. खासगी जीमेलवरची फाइल मात्र ऑफिसच्या खात्याच्या नावावर सरळ होत नाही, प्रत काढावी लागते, आणि प्रतीबरोबर तिचा जुना इतिहास येत नाही. आणखी एक, दोन वर्षं हात न लावलेलं खासगी खातं गूगल काढून टाकू शकतं. निवृत्त माणसांची खाती अशीच पडून असतात.

इतिहासावरून आठवलं. एका दिवाळीला बोनसच्या शीटमध्ये कुणीतरी नावांचा कॉलम निवडून ‘ए टू झेड’ केलं. फक्त नावांचा. नावं अकारविल्हे लागली, आकडे जागच्या जागी. शिपायाच्या नावासमोर अकाउंटंटचा बोनस. शिपाई काही बोलला नाही, अकाउंटंट बोलला. व्हर्जन हिस्टरी, म्हणजे फाइलच्या आधीच्या प्रतींची यादी, उघडली, सकाळी ११ची प्रत परत आणली, पाच मिनिटांत मिटलं. तिथे कोणी केलं त्याचं नावही रंगात दिसतं. मी पडदा इतरांकडे वळवला नाही. स्वतःपुरतं क्रमाने बघायचं असेल तर ‘फिल्टर व्ह्यू’ वापरा, दुसऱ्यांची शीट हलत नाही.

‘एनीवन विथ द लिंक’बद्दल थोडक्यात, म्हणजे लिंक हाती असेल त्या कुणालाही फाइल उघडू देणारी परवानगी. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आधार नंबरांच्या यादीची लिंक फिरवणं म्हणजे किल्ली पायपुसण्याखाली ठेवून मजल्यावर ओरडून सांगणं. माणसांची नावं घालून परवानगी द्या. वाचायचं असेल त्याला ‘व्ह्यूअर’च करा, राग आला तरी.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी एक वेगळंच लचांड आहे. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर क्लाउडवर चढवलात की सगळी चिन्हं-चिन्हं दिसतात, कारण त्या फायलीत मराठी अक्षरं नसतातच. रोमन खुणांवर मराठी चेहरा चढवलेला असतो. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर मुखवटा गळतो. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या यंत्रांवर एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, आणल्याशिवाय चार जणांनी मिळून लिहिणं सोडा, शोधणंही जमत नाही. आणि युनिकोडमध्येही ‘दुसऱ्या’तला तो अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. दिसायला सारखाच, संगणकाच्या लेखी वेगळा. म्हणून समोर दिसणारा शब्द शोधून सापडला नाही तर डोळे तपासायला जाऊ नका. ऑफिसात सगळ्यांनी एकच कीबोर्ड ठरवा.

आता माझं बोलणं पुरे. फोन काढा. ऑफिसात रोज लागणारी एक फाइल धरा, तीन टिंबं दाबा, ‘मॅनेज अॅक्सेस’ उघडा, आणि ‘ओनर’ कोण आहे ते मोठ्याने वाचा. हां, मागे कोण?

“मॅडम, आमच्यात जुन्या मॅनेजरांचं नाव आहे. ते रिटायर होऊन दीड वर्ष झालं. गावी असतात, देवगडला.”

जीमेल उघडतात का?

“ते नाही माहीत. व्हॉट्सअॅपवर रोज गुड मॉर्निंग पाठवतात.”

म्हणजे नंबर आहे. चहाला अजून दहा मिनिटं आहेत, आत्ताच लावा फोन.