शिफारशीला वजन येतं कुठून?

आंतरराष्ट्रीय शिफारशींचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: त्या बंधनकारक असतात का? बहुतेक नसतात. तरी मी त्यांच्याकडे आशेनं बघते, आणि त्याचं कारण टास्मानियात आहे.

ऑस्ट्रेलियाचं हे बेटावरचं राज्य. दोन प्रौढ पुरुषांनी आपखुशीनं, बंद दारामागे ठेवलेले संबंधही तिथे गुन्हा होते. नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराला एक ऐच्छिक पूरक करार आहे. देशानं तो मान्य केला की तिथला साधा नागरिक देशातले कायदेशीर मार्ग संपल्यावर संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीकडे दाद मागू शकतो. ऑस्ट्रेलियाला तो लागू झाला २५ डिसेंबर १९९१ रोजी. टास्मानियातले समलिंगी हक्क कार्यकर्ते निकोलस टूनेन यांची या कायद्याविरुद्धची तक्रार त्याच दिवशीची आहे! किती वाट बघितली असेल या माणसानं. या तक्रारीपायी त्यांची नोकरी गेली.

टास्मानियाचं म्हणणं होतं, हा कायदा एड्स रोखण्यासाठी हवा. समितीनं ते मानलं नाही. ज्याला पकडलं जाण्याची भीती आहे तो तपासणीला येत नाही, डॉक्टरशी खरं बोलत नाही. अशा कायद्यानं आजार रोखण्याचं काम उलट अवघड होतं. शिवाय करारातल्या ‘लिंग’ या शब्दात लैंगिक कलही येतो, असं समितीनं १९९४ मध्ये सांगितलं. हा कोर्टाचा हुकूम नव्हता, समितीचं मत होतं. पण त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या संसदेनं प्रौढांच्या अशा खासगी संबंधांना संरक्षण देणारा कायदा केला आणि १९९७ मध्ये टास्मानियानं ती कलमं काढून टाकली.

आपल्याला हा रस्ता बंद आहे, कारण भारतानं मूळ करार १९७९ मध्ये स्वीकारला, पूरक करार नाही. आपल्याकडे शिफारस आली ती न्यायालयातून. २००९ मध्ये समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ विरुद्ध निकाल देताना दिल्ली उच्च न्यायालयानं टूनेन प्रकरणाचा आधार घेतला. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला, आणि समलिंगी माणसं पुन्हा गुन्हेगार ठरली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंच हा गुन्हा रद्द केला, पण तोपर्यंतची ती पाच वर्षं मला विसरता येत नाहीत.

त्याच काळात, २०१४ मध्ये, ‘नालसा’चा, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्तींच्या हक्कांसाठी लढवलेल्या खटल्याचा, निकाल सर्वोच्च न्यायालयातून आला. आपल्या ठाण्याच्या पारलिंगी कार्यकर्त्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी त्या खटल्यात बाजू मांडायला उभ्या राहिल्या होत्या. इंडोनेशियातल्या योग्यकार्ता शहरात २००६ मध्ये जमलेल्या मानवी हक्कांच्या तज्ज्ञांनी लैंगिक कल आणि लिंगओळख यांबद्दल तयार केलेली तत्त्वं न्यायालयानं या निकालात उद्धृत केली. कुठल्याही सरकारनं त्यांवर सही केलेली नाही. त्यातलं तिसरं तत्त्व म्हणतं, लिंगओळखीला कायद्याची मान्यता देण्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालू नका. आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयानं शस्त्रक्रियेचा आग्रह धरणं बेकायदेशीर ठरवलं.

पुढे २०१९ च्या कायद्यानं मात्र ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ अशी नोंद हवी असलेल्या पारलिंगी व्यक्तीकडे शस्त्रक्रियेचा दाखला मागितला. इथे मला राग येतो. आज इथे बसलेल्यांपैकी जे वकिली करणार आहेत, त्यांनी अशा अर्जदाराबरोबर जिल्हाधिकारी कार्यालयात जाताना नालसाच्या निकालाची प्रत बरोबर ठेवावी, आणि तिसऱ्या तत्त्वाचं पान दुमडून ठेवावं.