17 मायक्रॉनांत 7 ट्रान्झिस्टर

(इंदूरमध्ये अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि इतर मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, घरी गेल्यावर बोटाच्या टोकावर पाण्याचा एक थेंब घ्या आणि फोनच्या पांढऱ्या पडद्यावर अलगद ठेवा. थेंब भिंगाचं काम करतो. नीट निरखलंत तर पांढरा रंग जाऊन लाल, हिरवे, निळे ठिपके दिसू लागतील. त्यातल्या एका ठिपक्यामागे केवढी दाटीवाटी आहे, ते मला आज सांगायचंय.

एका इंचात 500 पिक्सेल, म्हणजे लाल-हिरव्या-निळ्याचे 500 संच, बसवायचे तर एकाच्या वाट्याला जेमतेम 51 मायक्रॉन येतात; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तीन रंगांत वाटणी केली की एका रंगाला रुंदी उरते 17 मायक्रॉन. आता काचेवर काढायची रेघ साधारण 2 मायक्रॉनांची, आणि दोन रेघांमधली मोकळी जागाही तेवढीच धरा. उभ्या चारच रेघा मावल्या! त्यांतली एक तार डेटाची, म्हणजे ठिपका किती उजळ हवा ते सांगणारी, आणि एक वीजपुरवठ्याची. राहिलेल्या जागेत अख्खं सर्किट बसवायचं.

विद्यार्थी मला विचारतात, सर, ओएलईडी, म्हणजे करंट दिला की स्वतः उजळणारा ठिपका, पेटवायला दोन ट्रान्झिस्टर (करंटचे इवलेसे नळ) आणि एक कपॅसिटर (व्होल्टेज धरून ठेवणारा) पुरतात, मग फोनमध्ये एकेका ठिपक्यामागे सात ट्रान्झिस्टर कशाला? याचं उत्तर लेझरपाशी आहे, आणि लेझरवर संशोधन करणारं राजा रामण्णा केंद्र ज्या गावात आहे तिथे लेझरची ओळख करून द्यायला नको. काचेवरच्या सिलिकॉनच्या पातळ थरावर 308 नॅनोमीटरच्या एक्सायमर लेझरचे, म्हणजे अतिनील प्रकाशाचे, झोत सोडतात. थर क्षणभर वितळतो आणि थिजताना साजूक तुपासारखा रवा धरतो. पण रवा सगळीकडे सारखा पडत नाही. त्यामुळे शेजारशेजारचे दोन ट्रान्झिस्टरही वेगवेगळ्या व्होल्टेजला चालू होतात. हुकूम एकच दिला तरी एक ठिपका उजळ, दुसरा मंद, आणि पडदा डागाळलेला दिसतो.

यावरचा उपाय मला आजही फार सुंदर वाटतो. डेटा लिहिताना मुख्य ट्रान्झिस्टरचं गेट, म्हणजे त्याला चालू-बंद करणारं टोक, त्याच्याच ड्रेनला, म्हणजे करंट बाहेर पडण्याच्या टोकाला, जोडायचं. करंट वाहतो, गेटचं व्होल्टेज सरकत जातं आणि एका क्षणी ट्रान्झिस्टर आपला आपण बंद होतो. तेव्हा कपॅसिटरवर जे व्होल्टेज राहतं, त्यात डेटाही असतो आणि त्या ट्रान्झिस्टरचा स्वतःचा उंबरठाही, म्हणजे तो ज्या व्होल्टेजला चालू होतो ते. पुढे प्रकाश देताना हा उंबरठा वजा होऊन जातो. या जोडण्या-तोडण्यांसाठी लागतात ते बाकीचे ट्रान्झिस्टर. आणि वेळ किती? 2400 ओळी, सेकंदाला 120 वेळा, म्हणजे एका ओळीच्या वाट्याला साडेतीन मायक्रोसेकंदांहूनही कमी.

मग जागा आणायची कुठून? आपल्या जुन्या वाड्यांत दोन बिऱ्हाडांना एक सामाईक भिंत असायची, तसंच इथे करतात. शेजारचे दोन पिक्सेल आरशातल्या प्रतिमेसारखे उलटसुलट मांडायचे आणि वीजपुरवठ्याची एकच तार दोघांत ठेवायची. वरच्या ओळीला ‘लिही’ म्हणणारी तारच खालच्या ओळीला ‘आधीचं पूस’ असा हुकूम देते; वेगळी तार लागतच नाही. कपॅसिटरला स्वतंत्र जागा न देता तो मुख्य ट्रान्झिस्टरच्या डोक्यावरच चढवतात, आणि गेटचा धातू हीच त्याची खालची प्लेट होते. त्याच्याखाली ट्रान्झिस्टरची वाट नागमोडी नेतात, कारण नॅनोअँपिअरमधला करंट काबूत ठेवायचा तर वाट लांब हवी.

दुसरा रस्ता पदार्थ बदलण्याचा. टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत हिदेओ होसोनो यांच्या गटाने 2004 मध्ये इंडियम, गॅलियम आणि झिंकच्या ऑक्साइडचे ट्रान्झिस्टर दाखवले. त्यांतून करंट इतका कमी झिरपतो की कपॅसिटर लहान असला तरी व्होल्टेज धरून ठेवतो.

पण इथेच सावध राहायला हवं, आणि हे मी ठेच लागून शिकलो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका पॅनेलच्या कामात मी हिशेब मांडला: झिरपणं कमी आहे, तर कपॅसिटर निम्मा करू. सिम्युलेशनमध्ये एक पिक्सेल अगदी शहाण्यासारखा वागला. नमुना हातात आला, राखाडी पडद्यावर पांढरा चौकोन दाखवला, आणि चौकोनाच्या वर आणि खाली, बरोबर त्याच्याच रुंदीचा, एक फिकट पट्टा उमटला. तीन रात्री मी त्या पट्ट्याकडे बघत बसलो होतो.

मी फक्त झिरपण्याचा विचार केला होता. गेटच्या कडेने डेटाची तार जात होती. एका ओळीचं लिहून झालं तरी त्या तारेवर इतर ओळींचा डेटा वरखाली होतच असतो, आणि प्रत्येक झोक्याबरोबर ती शेजारच्या गेटला थोडंसं हलवते. मोठा कपॅसिटर हे धक्के पचवत होता. मी तो निम्मा केला आणि धक्का दुप्पट झाला. कपॅसिटर व्होल्टेज तर धरतोच, शेजाऱ्याचा त्रासही सोसतो, हे माझ्या वहीत कुठेच नव्हतं.

कपॅसिटर परत मोठा करायला जागा नव्हती. शेवटी वीजपुरवठ्याच्या धातूची एक जीभ वाढवून डेटाची तार आणि गेट यांच्यामध्ये आणली. तिचं व्होल्टेज स्थिर असतं, त्यामुळे तारेचे झोके तिच्यावरच थांबतात. ही जीभ अडीच मायक्रॉन रुंद होती, आणि तिला जागा मिळाली ती एक संपर्क-छिद्र (वरखालचे थर जोडणारं) शेजारच्या पिक्सेलशी सामाईक केल्यावर. पुढच्या नमुन्यावर तोच पांढरा चौकोन लावला. वर-खाली नुसता राखाडी रंग होता.