एक छप्पर, दोन ब्रागांझा

मडगावहून पूर्वेकडे निघालं की भातशेतं लागतात आणि पुढे चांदर. सासष्टी तालुक्यातलं आज निवांत वाटणारं हे गाव एके काळी चंद्रपूर होतं, गोव्याच्या कदंबांची राजधानी. इतिहास संशोधक फादर हेरास यांनी इथे उत्खनन केलं तेव्हा जुन्या शिवमंदिराचा पाया सापडला. डोकं नसलेला एक नंदी अजूनही तिथे बसून आहे.

आपल्याला जायचंय ते इगर्जीसमोरच्या, म्हणजे चर्चसमोरच्या चौकात.

चौकाची एक अख्खी बाजू एकाच घरानं व्यापली आहे. वरच्या मजल्यावर खिडक्यांची लांबच लांब रांग, खाली मधोमध दार. हे ब्रागांझांचं घर. ब्रागांझा हे पोर्तुगालच्या राजघराण्याचं नाव; धर्मांतरानंतर चांदरच्या या कुटुंबानं ते घेतलं. घराचं मूळ सतराव्या शतकापर्यंत मागे जातं, आणि पुढच्या पिढ्या त्यात भर घालत गेल्या.

जिना चढून वर आलात की ठरवावं लागतं, पूर्वेला वळायचं की पश्चिमेला. कारण घर एक असलं तरी वाटण्या झालेल्या आहेत. पूर्वेला ब्रागांझा परेरा, पश्चिमेला मिनेझिस ब्रागांझा.

आधी पूर्वेला जाऊ. इथला नाचाचा दिवाणखाना बघायला लोक लांबून येतात. पायाखाली इटालियन संगमरवर, डोक्यावर जस्ताच्या पत्र्याचं रंगवलेलं छत आणि त्यातून लोंबणारी स्फटिकांची झुंबरं. भिंतीशी उंच पाठीच्या दोन खुर्च्या आहेत, घराण्याचं चिन्ह कोरलेल्या. पोर्तुगालचा राजा दों लुईश यानं त्या भेट दिल्या, असं घरचे सांगतात. सासष्टीतल्या भाटकारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, अशाच दिवाणखान्यांतून एकोणिसाव्या शतकात मांडो हा गोव्याचा गीत-नृत्यप्रकार रंगला. बायकांच्या हातात पंखे, पुरुष समोर, आणि संथ चाल. त्या लयीला एवढी लांबरुंद जमीन हवीच होती.

घरात देवघर आहे, म्हणजे कपेल. तिथे जपलंय सेंट फ्रान्सिस झेवियर यांचं नख, हिरेजडित कोंदणात. अशा वस्तूबद्दल ज्याचा त्याचा भाव. पण शव जुन्या गोव्यात आणि नख चांदरच्या एका खासगी घरात, यावरून या कुटुंबाचं वजन काय होतं ते कळतं.

आता पश्चिमेला.

इकडेही शिसवी कोरीव सामान आहे, चिनी मातीची भांडी आहेत, झुंबरं आहेत. ती पाहून घ्या, पण वेळ राखून ठेवा ग्रंथालयासाठी. सुमारे 5000 पुस्तकं. ही पुस्तकं वाचणारा माणूस होता लुईस दि मिनेझिस ब्रागांझा. जन्म 1878. हे घर त्यांच्याकडे आलं आजोळकडून. 1900 साली 'ओ हेराल्दो' हे गोव्यातलं पहिलं पोर्तुगीज दैनिक सुरू करणाऱ्यांत ते होते. पुढे 1911 मध्ये त्यांनी 'ओ देबाते' काढलं. 1930 मध्ये पोर्तुगालमध्ये सालाझारनं वसाहतींवरची पकड घट्ट करणारा वसाहत कायदा आणला, तेव्हा गोव्याच्या विधिमंडळात त्यांनी ठराव मांडला: आपलं भवितव्य ठरवण्याचा हक्क गोव्याच्या लोकांचा आहे.

म्हणजे बघा, जिन्याच्या एका अंगाला राजाच्या खुर्च्या आणि दुसऱ्या अंगाला त्या सत्तेलाच जाब विचारणारा माणूस! घराची ऐट पोर्तुगीज अमदानीत वाढली आणि तिच्याविरुद्धचे शब्दही इथेच लिहिले गेले. मला तरी झुंबरांपेक्षा हे जास्त बघण्यासारखं वाटतं.

गोव्याच्या राष्ट्रवादाचे जनक म्हणून ओळखले जाणारे टी. बी. कुन्हा हेही याच गोतावळ्यातले. लुईस यांचे मेहुणे. जन्मही चांदरचाच. 1946 मध्ये त्यांना अटक झाली आणि पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात डांबलं गेलं. 1950 मध्ये मिनेझिस ब्रागांझा कुटुंबालाही गोवा सोडावा लागला. ते परतले 1962 मध्ये, मुक्तीनंतर. एवढ्या वर्षांत घर जसंच्या तसं राहिलं होतं.

मोडलं ते नंतर, हळूहळू. मुक्तीनंतर कूळकायदा आला, शेतं कसणाऱ्यांकडे गेली. ते न्याय्यच होतं. पण या छपराची कौलं त्याच शेतांच्या उत्पन्नावर शाकारली जात होती. गोव्याचा पावसाळा चार महिने झोडपतो. वाळवी बाराही महिने कामाला असते. रंग कुठे उडालाय, वेताची विणकाम केलेली बैठक कुठे फाटलीय, ते कॅमेऱ्यातून आम्ही मुद्दाम दाखवतोय. हे संग्रहालय नाही. या घरात माणसं राहतात, आणि बहुतेक वेळा तीच तुम्हाला घर दाखवतात.

तिकीटखिडकी नाही. देणगी ठेवायची असते, तीही दोन्ही बाजूंना वेगवेगळी. एका बाजूला दिली म्हणजे दुसरीला पोचली, असं होत नाही. तेव्हा सुटे पैसे बरोबर ठेवा, आणि हात फार आखडू नका.